तात्या, कॉल झाला

आवं तात्या, कॉल झाला. मंगळवारी, बरोबर बारा वाजता. तुम्ही बजावलं होतंत, "फोन ठेवल्या ठेवल्या पयलं मला सांगायचं, मग नवऱ्याला, मग तुज्या द्येवाला." मी सगळा क्रमच उलटा केला बघा. नवऱ्याला त्याच दिवशी सांगितलं, देवाला दुसऱ्या दिवशी, आणि तुम्हाला आज सांगतेय. काल तुमचं तेरावं झालं. इतके दिवस हातात मोबाइल घेऊन बसायचे आणि पुढं काय करायचं तेच सुचायचं नाही, म्हणून शेवटी कागद घेतला.

कुणी हे वाचलं तर म्हणेल, ही कोण आणि तात्या कोण. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बाहेरून येणारा कच्चा माल तपासायचं आमचं टेबल. तुम्ही त्या टेबलाचे साहेब आणि मी, सुजाता मगदूम, तुमच्या हाताखालची. साहेब म्हटलेलं मात्र तुम्हाला खपायचं नाही. लष्करात हवालदार म्हणून नोकरी केलेला माणूस, औंधहून रोज रहिमतपूरमार्गे मोटारसायकलवर यायचा आणि गेटवरच्या वॉचमनपासून वरच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांचा तात्या व्हायचा. मलाही पहिल्या दिवशी तुम्ही तेच सांगितलंत, "साहेब तिकडं केबिनला असत्यात. हितं तात्या."

त्या पहिल्या दिवशी तुम्ही मला खुर्ची दिली नाही, हातोडी दिलीत. मी डिप्लोमाला डिस्टिंक्शन मिळवून आलेली, पर्समध्ये सर्टिफिकेटांची फाइल, आणि तुम्ही म्हणता, "डोळं मीट." समोर बिडाची कास्टिंगं, म्हणजे साच्यात ओतलेले सुटे भाग, मांडलेली. मग हातोडी परत घेऊन तुम्ही एकेकाला हलकेच ठोकायचे आणि मी आवाजावरून सांगायचं, कुठलं आतून तडकलंय. दुपारपर्यंत मी चुकत होते. मला रडू यायला लागलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मडकं घेताना तुजी आई काय करती? वाजवून बघती का न्हाई? तसंच हाय ह्ये. कानाला घाई करू नगं." चांगल्या कास्टिंगचा आवाज लांबत जातो, तडकलेल्याचा जागच्या जागी मरतो. आठवडाभरात मला ते कळायला लागलं. कॉलेजच्या तीन वर्षांत मला कुणी कान वापरायला सांगितलं नव्हतं.

तुमच्यावर रागही लय यायचा. एक मिनिट उशीर झाला की घड्याळाकडं बघायचं आणि काहीच बोलायचं नाही, ही तुमची सवय मला शिवीपेक्षा जास्त लागायची. पण मग चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तुम्ही खिशातली छोटी डायरी काढून म्हणायचे, "उद्या तुजी तिथ हाय. डबा आणू नगंस. घरनं तुजी काकी मुगाची आमटी देणार हाय, कांदा न्हाई, लसूण न्हाई, घाबरू नगं." रविवारी मटणाशिवाय न जेवणारा माणूस, आणि आम्हा जैनांच्या तिथ्या डायरीत लिहून ठेवायचा! मी एकदा विचारलं, हे कशाला एवढं? तर म्हणालात, "पलटणीत असं असतंय. शेजारच्या बंकरमधला काय खातो त्ये म्हाईत पायजे." मी काय तुमच्या पलटणीतली होते का? पण तुम्ही धरलंत खरं.

हा कॉल ज्या जागेसाठी होता, ती सांगलीकडच्या प्लांटची जागा, तीही तुम्हीच आणलीत. एका सोमवारी सकाळी मी कामावर आले, डोळे सुजलेले. तुम्ही विचारलं नाही, नुसता चहा पुढं सरकवला. मग मीच सांगितलं. माझी स्वरा, तिसरीतली, सांगलीजवळ आमच्या गावी सासूबाईंपाशी राहते. नवरा शेती बघतो. मी शनिवारी दुपारच्या एस्टीनं जाते आणि रविवारी संध्याकाळी परत येते, चार वर्षं झाली. पहिल्यांदा निघताना ती पायाला मिठी मारून रडायची. त्या रविवारी मी पिशवी उचलली, तर ती म्हणाली, "मम्मी, टाटा," आणि मागं न बघता खेळायला पळाली. "तात्या, तिला सवय झाली हो," एवढंच मी म्हणाले. तुम्ही मापाचा कॅलिपर पुसत राहिलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नोटीस बोर्डावरचा कागद काढून थेट माझ्यापुढं ठेवलात. आपल्याच कंपनीच्या सांगलीकडच्या प्लांटला माल तपासणीची सुपरवायझर पाहिजे, कंपनीतल्याच माणसांनी अर्ज करावेत. मी तुमच्या तोंडाकडं बघतच राहिले. बाकीच्या सेक्शनला काय चालतं ते मला ठाऊक होतं. चांगला हात कुणी सोडत नाही. अशा कागदावर मुद्दाम दुसरा कागद टाचतात, विचारायला गेलं की म्हणतात, अगं ती जागा कवाच भरली. आणि तुम्ही टाचणीसकट कागद उपटून आणलात. "मी गेले तर टेबल कोण बघणार?" मी म्हटलं. "टेबलाला चार पाय हायत, त्ये हुबं ऱ्हातंय. तू अर्ज भर."

अर्ज भरला. आठवड्यानं मेल आला, पुण्याच्या ऑफिसातल्या रिक्रूटर मॅडम वीस मिनिटांचा स्क्रीनिंग कॉल घेतील. तुमच्या अंगात तर वारंच संचारलं. "रिक्रूटर म्हंजे भरतीवालाच की. छाती मोजणार का?"

"तात्या, फोनवर आहे ते."

"मग तर सोपं हाय. फोनवर कुणाची बी छाती फुगती. आन् स्क्रीनिंग म्हंजे?"

"चाळणी लावतात हो. पहिली चाळणी."

"मग आदी ह्ये इचारून घे, चाळणीत वर ऱ्हायचं हाय का खाली पडायचं हाय? गव्हाचं येगळं, पिठाचं येगळं." आपण दोघं इतके हसलो की आपल्या सेक्शनच्या वरच्या देशमाने साहेबांनी केबिनमधून मान बाहेर काढली.

त्या दिवसापासून डबा खाऊन झाल्यावर रोज पंधरा मिनिटं तुमची परेड सुरू झाली. तुम्ही डब्याचं झाकण कानाला लावायचे आणि आवाज बारीक करून म्हणायचे, "हॅलो, मी पुण्याहून बोलत आहे." तुमच्या मिशा आणि तो आवाज! मला हसू आवरायचं नाही आणि तुम्ही मात्र शेवटपर्यंत पुण्याहूनच बोलत राहायचे. मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून इंग्रजी उत्तरं पाठ केली होती. "आय ॲम अ टीम प्लेयर," मी सुरू केलं. तुम्ही झाकण खाली ठेवलंत. "ह्ये कुठल्या म्याचचं? तुला कोण खेळायला बोलावतंय?" सगळी पाठ केलेली उत्तरं तुम्ही मला फाडायला लावलीत.

मग खरी अडचण निघाली. तुम्ही विचारलंत, "मोजमापाची यंत्रं वापरता येतात का?" मी म्हटलं, "येतात की थोडीफार." धाडकन झाकण टेबलावर. "थोडीफार म्हंजे किती? व्हर्नियर अर्धाच वाचती का तू?" परत विचारलंत, रिपोर्ट लिहिता येतो का? "जमतंय की आपलं थोडंफार." परत झाकण. टेबलाला पोचा पडला तो अजून आहे. पण तात्या, ती काय माझी एकटीची खोड आहे का? आपल्याकडं साखर कारखान्याला शंभर टन ऊस घालणारा माणूससुद्धा विचारलं तर म्हणतो, हाय आपलं थोडंफार. जेवायला बसवलं तर थोडंच वाढा म्हणतो आणि तीन भाकरी खाऊन उठतो. आपल्या तोंडानं आपली आरती ओवाळू नये हे आईनं दुधाबरोबर पाजलंय, ते एका आठवड्यात कसं जाणार?

"आरती नगंच," तुम्ही म्हणालात. "वर्दी दे. काय दिसलं, काय केलं, काय ऱ्हायलं. वर्दी देताना शिपाई लाजला तर मागची सगळी पलटण गोत्यात येती. खरं हाय तेवढंच बोल, पर पुरं बोल. कमी सांगणं बी खोटंच की गं." हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी रूमवर जाऊन लिहून ठेवलं. मला आजपर्यंत कुणी असं सांगितलं नव्हतं.

आणि तुमचा तो नियम. "माजं नाव काडायचं न्हाई. तात्यांनी शिकवलं, तात्या म्हणाले, ह्यातलं एक बी वाक्य आलं तर त्यो फोन तात्याचा हुईल, तुजा न्हाई." मी म्हटलं, पण शिकवलं तर तुम्हीच ना? तडकलेल्या कास्टिंगच्या त्या गाडीचं प्रकरण सांगायचं तर तुमच्याशिवाय कसं सांगू? तुम्ही म्हणालात, "तवा मी रजेवर हुतो. गाडी तू थांबवलीस. शिव्या तू खाल्ल्यास. मग त्ये माजं कसं?"

मग शुक्रवारी तुम्ही तुमच्या कॉलची गोष्ट सांगितलीत. इतकी वर्षं टेबलाला टेबल लावून बसले, मला ठाऊकच नव्हतं की तुम्हालाही एकदा असाच कॉल आला होता. आज देशमाने साहेब ज्या खुर्चीत आहेत त्याच जागेसाठी. फोनवरच्या माणसानं विचारलं, "या जागेसाठी तुम्हीच का? दुसरं कुणी का नको?" आणि तुम्ही त्याला म्हणालात, "दुसरा हाय की. आमच्यात देशमाने म्हणून पोरगा हाय, माज्यापेक्षा हुशार हाय, कॉम्प्युटर बी येतो, माणसं बी सांभाळतो." तिथून पुढं तुम्ही देशमानेंचंच सांगत बसलात. आणि जागा देशमानेंना मिळाली! त्यांना अजूनही ठाऊक नाही म्हणालात, आणि तुम्हीही सांगणार नाही.

मी भडकले. तुमच्यावर असं कधी ओरडले नव्हते. "तात्या, हा शुद्ध वेडेपणा होता. दुसऱ्याची शिफारस करायला बोलावलं होतं का तुम्हाला?"

"इचारलं म्हणून सांगितलं. खरं त्येच बोललो."

"मग मला कशाला शिकवताय स्वतःचं सांगायला? मीही सांगते, माझ्यापेक्षा तिकडची अमकी हुशार आहे."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि तुम्ही झाकण डब्यावर दाबून उठलात. शनिवारी मालाच्या तीन गाड्या आल्या, त्यात दिवस गेला. निघताना गेटवर तुम्ही एवढंच म्हणालात, "मंगळवारी बारा. मोबाइल भरून ठेव. आन् पोरीला पेरू घिऊन जा, स्टँडवर चांगलं आल्यात." ते तुमचं शेवटचं बोलणं. इतकी मोठमोठी माणसं जाताना काय काय बोलून जातात म्हणे, तुम्ही पेरू सांगून गेलात.

रविवारी सकाळी धारा काढून पायरीवर बसलात, काकींकडं चहा मागितलात आणि चहा येईपर्यंत गेलात. फोन आला तशी मी नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून निघाले. कुंडलच्या पुढं आलो आणि दुसरा फोन, माती झाली, पाहुण्यांना लांब परत जायचं होतं म्हणून थांबले नाहीत, आता तिसऱ्याला या. नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली. उसाच्या कडेला मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. माझं तोंडसुद्धा तुम्हाला दिसलं नाही, मला तुमचं दिसलं नाही. याचा राग तुमच्यावर आहे की पाहुण्यांवर, अजून कळत नाही.

तिसरा दिवस म्हणजे मंगळवार. रक्षाविसर्जनाला सगळी कंपनी होती. तुमचा मुलगा पोस्टिंगवरून आला होता, तुमच्यासारखाच ताठ उभा. देशमाने साहेब एका बाजूला हुंदके देऊन रडत होते. माझ्या जिभेवर आलं होतं सांगायचं, साहेब, तुम्हाला ठाऊक आहे का ते? पण तुम्ही सांगितलं नाही तर मी कोण सांगणार?

अकरा वाजून गेले. माणसं उठून न बोलता निघू लागली. दुखवट्याच्या घरातून येतो म्हणायचं नसतं, म्हणून मीही नुसतीच उठले, तर काकींनी हात धरला. "तुजा फोन कवा हाय?"

"काकी, मी मॅडमना मेल करते. पुढची तारीख घेते. आज काय मी..."

"काय करू नगंस. शनवारी जेवताना ह्यांनी मला सगळं म्हणून दावलंय. मी पुण्याची बाई झाले आन् ह्ये तू झाले." त्या बोलता बोलता थांबल्या. पदर तोंडाला लावला, मग सोडला. "तू फोन घेतला न्हाईस तर मला रागं भरतील त्ये. खाली रेंज न्हाई. स्लॅबवर जा." आणि मला कोऱ्या चहाचा कप देऊन त्यांनी जिन्याकडं ढकललंच. तात्या, ज्या बाईचं कपाळ दोन दिवसांपूर्वी मोकळं झालंय ती मला इंटरव्ह्यूला पाठवत होती. तुम्ही एकटेच मोठे नव्हता त्या घरात.

स्लॅबवर शेंगा वाळत घातल्या होत्या. त्यांच्या कडेला बसले. बारा वाजता फोन वाजला आणि पलीकडून इंग्रजी सुरू झालं. मी दोन वाक्यं इंग्रजीत बोलले आणि म्हटलं, मॅडम, पुढचं मी मराठीत जास्त नीट सांगू शकेन. त्या लगेच मराठीत आल्या. तरुण आवाज होता, माझ्यापेक्षा लहानच असतील. तुमच्या बारीक आवाजासारखं काहीच नव्हतं त्यात, नाहीतर मी तिथंच हसले असते नाहीतर मोठ्यानं रडले असते.

मोजमापाची यंत्रं वापरता येतात का? "येतात," मी म्हटलं. आणि गप्प बसले. थोडीफार दाताशी आलं होतं, गिळलं. रिपोर्ट? "मी लिहिते. सेक्शनचे सगळे रिपोर्ट मीच लिहिते." मग त्यांनी विचारलं, एखादा अवघड प्रसंग सांगा. मी वर्दी दिली, तात्या. काय दिसलं: कागदावर माल बरोबर, मापं बरोबर, पण ठोकल्यावर आवाज जागच्या जागी मरत होता. काय केलं: गाडी थांबवली, उतरवू दिली नाही, लाइन बंद पडेल म्हणून तिघांनी शिव्या दिल्या तरी दिली नाही, चार नग कापायला लावले, आतून तडे निघाले. काय राहिलं: त्या पुरवठादाराकडं आधीच तपासणी बसवायला हवी होती, ती अजून बसलेली नाही.

"गाडी थांबवायचा निर्णय कुणाचा होता?" मॅडमनी विचारलं.

"माझा."

असा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन. आई ऐकायला असती तर तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं असतं. तुमचं नाव मी काढलं नाही. दहा मिनिटं झाली होती आणि तुमचा एकही नियम मोडला नव्हता. मला स्वरा दिसायला लागली होती, शाळेतून येताना, रोज.

मग मॅडम म्हणाल्या, "छान. एकच अडचण आहे. तुमच्या वरिष्ठांशी एकदा बोलावं लागतं. मी काल दोनदा फोन केला, उचलला नाही. तुम्ही त्यांना मला फोन करायला सांगाल का?"

तात्या, मी तुमच्याच स्लॅबवर बसले होते. खाली तुमची मोटारसायकल उभी होती. मी म्हटलं, "ते नाहीत, मॅडम. आज त्यांचा तिसरा दिवस आहे. मी त्यांच्या घरूनच बोलतेय."

मग त्या म्हणाल्या, सॉरी, तुम्ही कॉल पुढं ढकलायचा होतात. माझ्या कामापुरतं विचारते, ते कसे होते? बस, एवढं विचारलं आणि माझा बांध फुटला. मी सुरूच झाले. डोळे मिटायला लावून हातोडी दिलेली सांगितली, मडकं सांगितलं, चतुर्दशीची आमटी सांगितली. टाचणीसकट कागद उपटून आणला ते सांगितलं. मॅडम, मी जो निर्णय घेतला म्हणाले तो माझाच होता, खोटं नाही, पण तो घ्यायचा कान त्यांनी दिला. असा माणूस तुमच्या कंपनीत इतकी वर्षं एका टेबलाला बसला होता आणि तुमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही, असंही बोलून गेले. रिक्रूटरला! वीस मिनिटांचा कॉल, त्यातली शेवटची दहा मिनिटं मी तुमचीच आरती ओवाळली. आपली नाही ओवाळली ना, मग झालं तर.

फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. तुमच्यावर शुक्रवारी ओरडले आणि मंगळवारी तेच करून बसले. चाळणीतून खाली पडले म्हणून समजले मी. जिना उतरले तर काकी पायरीवर बसलेल्या, त्याच पायरीवर. "झाला?" त्यांनी विचारलं. "झाला." "ह्यांचं नाव काडलं न्हाईस न्हवं? त्यांनी लय बजावलेलं." मी खाली बघून म्हटलं, "काडलं, काकी. दहा मिनिटं काडलं." काकींनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना हसू आलं. हसता हसताच रडायला लागल्या, मला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "त्यांच्याच हाताखालची गं तू. येडी ती येडीच." तिसऱ्या दिवशी त्या घरात कुणी हसल्याचा आवाज आला म्हणून माजघरातली माणसं बाहेर बघायला आली.

शुक्रवारी मेल आला, पुढच्या फेरीला बोलावलं. सोमवारी सांगलीकडच्या प्लांटला जाऊन आले. तिथल्या मॅनेजरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ते आवाजाचं नेमकं काय असतं हो? मी म्हटलं, हातोडी आहे का? तुमचे नियम, तुमची परेड, सगळं विसरून मी त्यांच्या शॉप फ्लोअरवर एक तास कास्टिंगं वाजवत फिरले. आणि गुरुवारी पत्र आलं. एक तारखेपासून हजर व्हायचंय.

तात्या, मिळाली जागा. स्वराला फोनवर सांगितलं तर तिला आधी काही कळलंच नाही. मग म्हणाली, "म्हंजे रविवारी तू जाणार न्हाईस?" नाही. "आन् सोमवारी?" सोमवारी सकाळी जाणार, संध्याकाळी येणार. "आन् मंगळवारी?" असं करत तिनं मला शनिवारपर्यंत नेलं आणि मग फोन आजीकडं टाकून ओरडत अंगणात पळाली. हे तुम्हाला ऐकवायला पाहिजे होतं. भोंग्यामुळं राहिलेल्या तुमच्या त्या उत्तराचाही मी लय विचार केला. तुम्ही वेडे होता का बरोबर होता, देशमाने साहेबांकडं बघितलं की वाटतं बरोबर होता, तुमच्या रिकाम्या टेबलाकडं बघितलं की परत राग येतो. ते भांडण मिटत नाही माझ्याकडून. राहू दे तसंच.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, नवऱ्याला नाही, काकींनाही नाही. कॉल संपताना, मी डोळे पुसत होते, तेव्हा त्या मॅडमनी हळूच विचारलं होतं, "हे सगळं तुम्ही त्यांना कधी बोलून दाखवलं होतं का हो?"

मी म्हटलं, "हो, सांगितलं होतं की."

अख्ख्या कॉलमध्ये तेवढं एकच मी खोटं बोलले, तात्या. ते खरं करायला बसले आहे.